परदेशाच्या दारांतील अटकाव आणि समाजसेवा

आपल्या सीमेंत कोणास प्रवेश द्यावा आणि कोणास देऊं नये, हें ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्र स्वतःकडे ठेवतें. त्या अधिकाराची चर्चा पुष्कळ होते. परंतु निकाल लागेपर्यंत दारांत उभा असलेला मनुष्य कोठें राहतो, त्याची विचारपूस कोण करतो, इकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. असा मनुष्य गुन्हेगार नसतो. तरीहि पुष्कळदां त्याला कुलपांत ठेवलें जातें. अशा जागीं समाजसेवेला काय साधतां येतें आणि काय साधतां येत नाहीं, हें एका जुन्या उदाहरणावरून पाहूं.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरांत एंजल नांवाचें एक बेट आहे. एंजल म्हणजे देवदूत. सन १९१० पासून १९४० पर्यंत तेथें परदेशांतून येणाऱ्यांच्या तपासणीचें ठाणें होतें. चिनी मजुरांना मज्जाव करणारा कायदा त्या देशानें १८८२ मध्यें केला होता. व्यापारी, विद्यार्थी आणि अमेरिकन नागरिकांचीं मुलें यांना मात्र त्यांतून सूट होती. पुढें १९०६ च्या भूकंपांत आणि आगींत सॅन फ्रान्सिस्को येथील जन्माच्या नोंदी जळून गेल्या. ‘माझा जन्म येथलाच’ असें अनेक चिनी लोक सांगूं लागले, आणि तें खोटें ठरविण्यास कागद उरला नाहीं. मग अशा नागरिकाचा मुलगा म्हणून दुसऱ्याच कोणाचा मुलगा येऊं लागला. त्यास ‘कागदी पुत्र’ म्हणत.

हे कागदी पुत्र ओळखण्यासाठीं अधिकाऱ्यांनीं प्रश्नांचें जाळें विणलें. तुझ्या घराला पायऱ्या किती? तांदूळ कोठल्या खोलींत ठेवतात? विहीर कोणत्या दिशेस? शेजाऱ्याला मुलगे किती? हेच प्रश्न बापालाहि निराळे विचारीत, आणि उत्तरें जुळलीं नाहींत कीं संशय बळावे. मी आयुष्यभर मुलांच्या परीक्षा घेतल्या आहेत. एकाच घरांतील दोन सख्ख्या भावांना वेगवेगळें बसवून घराच्या पायऱ्या विचारल्या, तर दोन उत्तरें येण्याचा संभव मोठा, हें मी खात्रीनें सांगतों. त्यामुळें जो खरा पुत्र होता त्यालाहि उत्तरें पाठ करावीं लागत.

पूर्व किनाऱ्यावरील एलिस बेटावर युरोपांतून येणारे बहुतेक प्रवासी कांहीं तासांत मोकळे होत. एंजल बेटावर चिनी प्रवाशांचे आठवडे आणि महिने जात. कोणाकोणाचीं जवळजवळ दोन वर्षें गेलीं. हिंदुस्थानांतून, विशेषतः पंजाबांतून, गेलेले लोकहि तेथें अडकले. त्यांच्यापैकीं अनेकांना पोटांतील कृमि दाखवून, किंवा हे पुढें सरकारवर भार होतील असें म्हणून, परत पाठविण्यांत आलें.

या ठाण्यावर १९१२ मध्यें मेथॉडिस्ट पंथाच्या स्त्रियांच्या एका संस्थेनें कॅथरीन मॉरर या बाईंना नेमलें. ठाणें बंद होईपर्यंत त्या तेथें येत राहिल्या. त्या इंग्रजी शिकवीत, पत्रें लिहून देत, कपडे पुरवीत, स्त्रियांना विणकामाचें सामान आणून देत, नाताळांत मुलांना भेटी वांटीत. ज्या स्त्रियांचा दिवस केवळ खिडकीबाहेर पाहण्यांत जाई, त्यांना या कामाचें मोल किती होतें हें निराळें सांगावयास नको.

परंतु येथेंच खरी अडचण आहे. चौकशीपूर्वीं बाहेरच्या कोणासहि आंत भेटूं देत नसत. कारण भेटावयास येणारा उत्तरें पोंचवील ही भीति. मॉररबाईंना प्रवेश मिळे, तो अधिकाऱ्यांचा त्यांच्यावर विश्वास होता म्हणून. ज्याच्या हातीं कुलपाची किल्ली, त्याच्याच मर्जीनें सेवेचें दार उघडें राहतें. सेवकानें अधिकाऱ्याशीं भांडावें तर उद्यां आंत जातां येणार नाहीं. गप्प राहावें तर अन्यायास मूक संमति दिल्यासारखें होतें.

अडकलेले लोकहि केवळ दया घेत बसले नाहींत. चिनी पुरुषांनीं १९२२ मध्यें आपलें स्वतःचें मंडळ स्थापिलें. नवागतास रीत समजावून सांगणें, वर्गणी काढून करमणुकीचें साहित्य आणणें, लोकांचीं गाऱ्हाणीं अधिकाऱ्यांपुढें मांडणें, हीं कामें तें करी. बराकींच्या लांकडी भिंतींवर त्यांनीं कविता कोरल्या. पुढें तीस वर्षांनीं, १९७० मध्यें, एका उद्यानरक्षकाच्या दृष्टीस त्या पडल्या, आणि पाडावयास काढलेली ती इमारत त्यांच्यामुळें वांचली.

कायदा मात्र सेवेनें बदलला नाहीं. चीन युद्धांत मित्र झाला तेव्हां, १९४३ मध्यें, चिनी लोकांवरील बंदी उठली, आणि तीहि वर्षाकांठीं १०५ जणांपुरती. हिंदी लोकांस १९४६ मध्यें वर्षाला १०० जागा मिळाल्या.

मग सेवा व्यर्थ होती काय? मुळींच नाहीं. कायदा बदलण्यास दशकें लागतात. आंतल्या माणसाला मात्र आजची रात्र काढावयाची असते. म्हणून समाजसेवकाचीं कर्तव्यें तीन. पहिलें, त्या माणसाला त्याच्या भाषेंत त्याचें काय चाललें आहे हें सांगणें. दुसरें, त्याचा आपल्या माणसांशीं संबंध तुटूं न देणें. तिसरें, आंत जें पाहिलें तें बाहेर समाजाला सांगणें. पहिलीं दोन दयेचीं आहेत. तिसरें धैर्याचें आहे, आणि तें एकट्या सेवकावर टाकून चालत नाहीं. त्याचा प्रवेश केवळ अधिकाऱ्याच्या मर्जीवर न राहतां कायद्यानेंच निश्चित असला पाहिजे.

अशीं ठाणीं आजहि अनेक देशांत आहेत. आपल्या देशांतहि आसामांत मटिया येथें आहे. आंत कोणास ठेवावें याविषयीं आपलीं मतें भिन्न असतील. पण आंत ठेवलेल्याची विचारपूस करणारा कोणी तरी तेथें जाऊं शकतो कीं नाहीं, हें विचारण्यास मतैक्याची गरज नाहीं. तो प्रश्न प्रत्येक नागरिकानें विचारावा, एवढीच माझी विनंति आहे.