आपल्या वस्तीचे आकडे कोठे सापडतात?

पुण्याच्या सदाशिव पेठेत किंवा कोथरूडमध्ये किती लोक राहतात, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचे उत्तर जनगणनेच्या कोष्टकांत थेट मिळत नाही. पेठ, नगर, वाडी ही रहिवाशांच्या बोलण्यातील नावे असून जनगणना मात्र महापालिकेने त्या वेळी आखलेल्या प्रभागांचाच हिशोब ठेवते. 2011च्या जनगणनेत पुणे महापालिका क्षेत्राची लोकसंख्या 31,24,458 इतकी नोंदवली गेली आणि ती क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या प्रभागांत विभागून दिली गेली. त्यामुळे वस्तीविषयी माहिती शोधणाऱ्याला प्रथम आपली वस्ती कोणत्या क्रमांकाच्या प्रभागात मोडत होती हे शोधावे लागते, आणि त्यासाठी त्या वर्षीचाच नकाशा हाताशी असावा लागतो.

गणनेचे काम प्रत्यक्षात प्रभागाहून बऱ्याच लहान घटकावर चालते. साधारणतः 600 ते 800 लोकवस्तीच्या भागाला प्रगणक गट म्हणतात आणि तो सहसा एका प्रगणकाकडे सोपवला जातो. अशा अनेक गटांची बेरीज करून प्रभागाचा आकडा तयार होतो. घराघरांतून गोळा झालेली व्यक्तिगत माहिती 1948च्या जनगणना कायद्याच्या कलम 15नुसार गोपनीय राहते, ती कोणालाही पाहता येत नाही आणि, काही मोजके अपवाद सोडता, न्यायालयात पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. शहरांपुरते बोलायचे तर सर्वसामान्य वाचकाच्या हाती येणारा सर्वांत लहान घटक हा प्रभागच असतो.

प्रभागनिहाय आकडे जिल्हा जनगणना पुस्तिकेत मिळतात. 1951च्या जनगणनेपासून जिल्ह्याजिल्ह्यांसाठी तयार होत आलेल्या या पुस्तिका आता जनगणना आयुक्तालयाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. त्यांतील प्राथमिक गोषवाऱ्यात कुटुंबसंख्या, स्त्री-पुरुष संख्या, 0 ते 6 वयोगटातील मुले, अनुसूचित जाती व जमातींची लोकसंख्या, साक्षर आणि काम करणारे अशी वर्गवारी असते. वर्षातील सहा महिने वा अधिक काळ काम करणाऱ्यास मुख्य आणि त्याहून कमी काळ काम करणाऱ्यास सीमांतिक कामगार म्हणतात. याखेरीज 2010मध्ये झालेल्या घरयादीच्या टप्प्यातून छप्पर, भिंती, पिण्याचे पाणी, शौचालय, सायकल, दूरदर्शन संच यांविषयीचे प्रभागनिहाय तक्ते प्रसिद्ध झाले, आणि वस्तीचे राहणीमान समजून घेण्यासाठी हे तक्ते लोकसंख्येच्या आकड्यांहूनही अधिक उपयोगी पडतात. मात्र ते टक्केवारीत दिलेले असल्याने दोन प्रभागांची सरासरी काढताना प्रत्येकाच्या कुटुंबसंख्येचा भार लक्षात घ्यावाच लागतो, अन्यथा मोठ्या प्रभागातील टंचाई लहान प्रभागातील सुबत्तेखाली झाकली जाते.

गोषवारा वाचताना सर्वाधिक होणारी चूक साक्षरतेच्या बाबतीत आढळते. महाराष्ट्राची 2011मधील लोकसंख्या 11,23,74,333 आणि साक्षरांची संख्या 8,15,54,290 होती. या दोहोंचा थेट भागाकार केल्यास सुमारे 72.6 टक्के हे उत्तर येते, तर अधिकृत साक्षरता दर 82.34 टक्के आहे. जनगणनेत सात वर्षांखालील मूल निरक्षरच धरले जाते, म्हणून एकूण लोकसंख्येतून त्या वयोगटातील 1,33,26,517 मुले वजा करून मगच भागाकार करायचा असतो. मुलांचे प्रमाण जास्त असलेल्या कष्टकरी वस्तीवर या चुकीमुळे विशेष अन्याय होतो, कारण प्रत्यक्षात आहे त्याहून ती अधिक अशिक्षित भासते.

सीमांचा प्रश्न याहून बिकट आहे. पुण्याच्या ‘कॅम्प’ भागातील रहिवासी स्वतःला पुणेकरच म्हणवतात, परंतु पुणे व खडकी ही कटक मंडळे जनगणनेत स्वतंत्र शहरे म्हणून नोंदली जातात आणि महापालिकेच्या बेरजेत येत नाहीत. 2017मध्ये 11 आणि 2021मध्ये 23 गावे महापालिकेत समाविष्ट झाली. आज शहराचाच भाग वाटणारे वाघोली किंवा नऱ्हे यांचे 2011चे आकडे म्हणूनच महापालिकेच्या प्रभागांत न शोधता हवेली तालुक्याच्या यादीत शोधावे लागतात. शिवाय निवडणुकांसाठी प्रभागरचनाही बदलत राहिली: 2012मध्ये द्विसदस्यीय, तर 2017मध्ये बहुतांशी चारसदस्यीय प्रभाग आले. आजच्या प्रभाग क्रमांकासमोर 2011चा त्याच क्रमांकाचा आकडा मांडणे म्हणजे दोन निरनिराळ्या भूभागांची तुलना करणे होय.

या गुंत्यातून वाट काढण्यास राज्य निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली होणाऱ्या प्रभागरचनेची कागदपत्रे फार उपयोगी पडतात. प्रभागांची रचना प्रगणक गट जुळवून केली जात असल्याने त्यांत नव्या सीमांचे रस्ते-नाल्यांसह वर्णन आणि 2011च्या जनगणनेवर आधारित लोकसंख्या एकत्र सापडते. निवडणुकीच्या निमित्ताने तयार होणारी ही कागदपत्रे महापालिकांनी कायमस्वरूपी आणि जुन्या नकाशांसह उपलब्ध ठेवायला हवीत. पाणी, शाळा, दवाखाने यांची मागणी करणाऱ्या नागरिकाला त्यांची गरज उमेदवाराइतकीच असते.

नमुना पाहण्यांचा येथे फारसा उपयोग नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे निष्कर्ष जिल्ह्यापर्यंतच येऊन थांबतात, कारण एका प्रभागातून निवडली गेलेली मोजकी कुटुंबे त्या प्रभागाचे विश्वासार्ह चित्र देऊ शकत नाहीत. वस्तीच्या पातळीवरचे सखोल चित्र हवे असेल, तर धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली गोखले संस्थेने पुणे शहराची जी सामाजिक-आर्थिक पाहणी केली आणि 1945 व 1952मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केली, तशी स्वतंत्र शहर-पाहणीच करावी लागते.

2021ची जनगणना लांबणीवर पडल्याने दरम्यानच्या काळात उभ्या राहिलेल्या उपनगरांचे नियोजन जुन्याच आकड्यांवर चालले आहे. पुढील जनगणनेसाठी 1 मार्च 2027 हा संदर्भ दिनांक बहुतांश देशासाठी अधिसूचित झालेला आहे. तिचे प्रभागनिहाय तक्ते हाती येतील तेव्हा 2011शी तुलना करू इच्छिणाऱ्याला दोन्ही वेळचे नकाशे लागतील, आणि त्यांपैकी जुना नकाशा आजच मिळवून ठेवणे अधिक सोपे आहे.