स्पोर्ट्‌स मोटारीची ठेवण व चाकांचे स्पेसर : एक यांत्रिक विवेचन

प्रस्तावना :

मोटार हे केवळ प्रवासाचे साधन नसून ती सौंदर्यदृष्टीचाही विषय आहे. विशेषतः स्पोर्ट्‌स मोटारीच्या बाबतीत तिची 'ठेवण', म्हणजेच रस्त्यावर उभी असताना चाके, मडगार्ड व जमीन यांच्यातील परस्परप्रमाण, हा रसिकांच्या जिव्हाळ्याचा विषय ठरतो. मडगार्डच्या कडेपासून आत दडलेली चाके मोटारीला अरुंद रूप देतात, तर कडेशी समतल असलेली चाके तिला भक्कम व भारदस्त बनवतात. हे साधण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे चाक व हब यांच्यामध्ये धातूची चकती, अर्थात स्पेसर बसविणे होय. तथापि, दिसावयास क्षुल्लक असलेली ही चकती मोटारीच्या अत्यंत नाजूक जोडाच्या मध्यभागी येते. म्हणूनच तिचे लाभ व धोके यांचा साकल्याने विचार होणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात जर्मनीच्या पोर्शे कंपनीच्या '९११' या मोटारीची १९९७ साली आलेली '९९६' ही पिढी उदाहरण म्हणून घेतली आहे.

स्पेसर : अर्थ व प्रकार :

चाकाची मध्यरेषा व हबवर टेकणारा त्याचा पृष्ठभाग यांतील अंतरास 'ऑफसेट' असे म्हणतात. जर्मन पद्धतीत तो 'ईटी' या अक्षरांनी दर्शविला जातो. ९९६ मोटारीच्या १८ इंची चाकांत पुढे ईटी ५० व मागे ईटी ६५ मि.मी. असे माप आढळते. मागील चाकाखाली १५ मि.मी. जाडीचा स्पेसर बसविल्यास प्रभावी ऑफसेट ५० मि.मी. होतो, चाक तेवढे बाहेर सरकते व दोन्ही चाकांमधील अंतर ३० मि.मी.ने वाढते.

स्पेसरचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात चकती नुसती मध्ये सरकवून अधिक लांबीचे बोल्ट वापरतात. दुसऱ्या, जाड प्रकारात स्पेसर स्वतःच्या बोल्टांनी हबला व चाक पुन्हा स्पेसरला आवळले जाते.

चालनावरील परिणाम :

वळणावर मोटारीचा भार आतील चाकांकडून बाहेरील चाकांकडे सरकतो. हे भारांतरण वस्तुमान, पार्श्वत्वरण व गुरुत्वमध्याची उंची यांच्या सम प्रमाणात, तर चाकांमधील अंतराच्या व्यस्त प्रमाणात असते. चालकासह १४०० किलो वजन, अर्धा मीटर उंचीवरील गुरुत्वमध्य व गुरुत्वत्वरणाच्या ०.८ पट पार्श्वत्वरण गृहीत धरल्यास, १५०० मि.मी. अंतरासाठी भारांतरण सुमारे ३६६० न्यूटन येते, १५३० मि.मी.साठी ते सुमारे ३५९० न्यूटन होते. म्हणजेच लाभ अवघा दोन टक्के! स्पेसरमुळे मोटार रस्त्याला 'चिकटून' धावते, या समजुतीचे मूल्य यावरून ध्यानात येते. बदल मुख्यतः दृश्य स्वरूपाचा आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

उलट बाजूस, मागील प्रत्येक चाकावर सुमारे ४२० किलो भार असल्यास, सरळ मार्गावरही बेअरिंगवर सुमारे ६२ न्यूटन-मीटर इतके अतिरिक्त आघूर्ण सतत पडते. पुढील चाके बाहेर सरकविल्यास टायरचा भूस्पर्श सुकाणूच्या अक्षापासून दूर जातो. परिणामी सुकाणू जड होते, रस्त्यावरील चरांमागे मोटार ओढली जाते व असमान ब्रेक लागल्यास चालकाच्या हाताला झटका बसतो.

बोल्टांचे कार्य :

चाक बोल्टांवर 'टांगलेले' असते, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. वस्तुतः बोल्ट ताणले जाऊन चाकाला हबवर दाबून धरतात आणि या दाबातून निर्माण होणारे घर्षणच भार पेलते. ९९६ मोटारीस १४ मि.मी. व्यासाचे, १.५ मि.मी. अंतराच्या आट्यांचे पाच बोल्ट असून ते १३० न्यूटन-मीटर बलाने आवळावे लागतात. ढोबळ सूत्रानुसार प्रत्येक बोल्टमध्ये सुमारे ४६ किलोन्यूटन ताण येतो. पाचांचा एकत्रित दाब जवळजवळ साडेतेवीस टनांच्या भाराएवढा होतो.

हा दाब घटला की चाक हबवर सूक्ष्मपणे सरकू लागते आणि प्रत्येक फेऱ्यागणिक बोल्ट वाकतो. एका किलोमीटरात चाकाचे सुमारे ५०० फेरे होतात, हे लक्षात घेता धातूला थकवा येऊन बोल्ट तुटण्यास फार मोठा प्रवास लागत नाही. स्पेसरमुळे एकाऐवजी दोन संपर्कपृष्ठे निर्माण होतात. त्यांवरील गंज वा रंगाचा थर कालांतराने दबला की ताण आपोआप सैल होतो.

जोडणीतील दक्षता :

पहिली दक्षता बोल्टच्या लांबीची. केवळ ५ मि.मी.ची चकती मूळ बोल्टांसह बसविल्यास तीनहून अधिक आटे कमी पकडले जातात. म्हणून चकतीच्या जाडीइतकाच लांब बोल्ट घ्यावा. मात्र अतिलांब बोल्ट आतील भागांना घासतो. दुसरी दक्षता बैठकीची. पोर्शेच्या मूळ बोल्टांची बैठक गोलाकार असते. तेथे शंकूच्या आकाराचा बोल्ट वापरल्यास तो केवळ एका रेषेवर टेकतो. तिसरी दक्षता मध्यस्थानाची. हबच्या ७१.६ मि.मी. व्यासाच्या कडेवर स्पेसर घट्ट बसावा व त्याच मापाची कड त्याने चाकासाठी पुढे द्यावी. अन्यथा चाक विकेंद्रित होऊन कंप निर्माण होतो.

याशिवाय पृष्ठभाग गंजमुक्त करणे, बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क पान्याने आवळणे व ५० ते १०० किलोमीटरनंतर त्यांची पुन्हा तपासणी करणे अनिवार्य आहे. टायर पूर्ण भारात मडगार्डला घासत नाही, याचीही खात्री करावी.

कायदेशीर बाजू :

जर्मनीत अशा भागास मान्यताप्राप्त तांत्रिक प्रमाणपत्र लागते व बहुतांश वेळा बदलाची तपासणी करून घ्यावी लागते. अन्यथा वाहनाचा परवाना धोक्यात येतो. भारतातही मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलांवर निर्बंध घालते.

निष्कर्ष :

सारांश, स्पेसर हा मूलतः सौंदर्याचा उपाय आहे. चालनातील त्याचा लाभ अल्प आहे. योग्य माप, योग्य बोल्ट व योग्य टॉर्क या त्रिसूत्रीचे पालन झाल्यास तो निर्धोक ठरू शकतो. परंतु या तिन्हींपैकी एकाचीही उपेक्षा झाल्यास धोका केवळ मालकापुरता राहत नाही. वेगात सुटलेले चाक रस्त्यावरील कोणाही निरपराध व्यक्तीच्या जिवावर बेतू शकते. म्हणूनच मोटारीची ठेवण सुधारताना काही मिलिमीटरच्या शोभेपेक्षा पाच बोल्टांचा ताण अधिक मोलाचा मानणे, हीच खरी जाणकारी होय.