किडनी बदललेल्या माणसाला कुठली वेदनाशामक गोळी चालते?

दिव्याहून लोकलमध्ये रोज उभ्याने प्रवास करून कंबर धरली, की बहुतेक जण मेडिकलमधून अंगदुखीची गोळी आणतात आणि मोकळे होतात. पण त्याच माणसाची किडनी बदललेली असेल तर? नुसती 'चालते, चालत नाही' अशी यादी पाठ करू नका. औषधांवर संशोधन करायचंय ना, मग आत काय घडतं ते बघा.

किडनीतल्या प्रत्येक गाळणीला रक्त आणणारी एक बारीक धमनी असते. रक्तपुरवठा कमी पडू लागला की प्रोस्टाग्लँडिन ही रसायनं तिला रुंद ठेवतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक ही औषधं प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाहीत. दुखणं थांबतं ते त्यामुळेच, आणि ही धमनी आकसते तीही त्यामुळेच.

आता टॅक्रोलिमस बघा. 1984 मध्ये जपानच्या त्सुकुबा भागातल्या मातीतल्या जिवाणूपासून हे औषध मिळालं. शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून प्रत्यारोपणानंतर बहुतेकांना ते रोज घ्यावं लागतं. गंमत म्हणजे तेही हीच धमनी आवळतं! म्हणजे एकाच नळाला दोन चिमटे, आणि किडनी बदललेल्याकडे चालणारी किडनी बहुधा एकच. यकृत बदललेलेही यातून सुटत नाहीत, टॅक्रोलिमस त्यांनाही असतंच.

म्हणून पहिली पसंती पॅरासिटामॉलला. निरोगी प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा 4 ग्रॅम. यकृत बदललेल्यांना डॉक्टर बऱ्याचदा 2 ग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत. खरी फसगत होते ती मिश्र गोळ्यांत. कॉम्बिफ्लॅममध्ये पॅरासिटामॉल आहे हे खरं, पण सोबत 400 मिलिग्रॅम आयबुप्रोफेनही आहे. पट्टीवरचं मोठं नाव सोडा, बारीक अक्षरं वाचा.

दुखणं जास्त असेल तर ट्रॅमाडॉल देतात, पण किडनीच्या क्षमतेनुसार डोस कमी करून. मॉर्फिनचे विघटित घटक लघवीवाटे बाहेर पडतात. किडनी मंद असली तर ते साठून गुंगी आणि श्वास मंदावण्याचा धोका वाढतो. तिथे फेंटानिल बरं पडतं. हे सगळं अर्थातच डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

आणि पॅरासिटामॉलही डोळे झाकून घ्यायचं नाही. ते तापही उतरवतं. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसात कधीकधी ताप हीच संसर्गाची पहिली खूण असते. नव्या किडनीच्या जागी दुखत असेल किंवा अंग तापलं असेल, तर गोळी घेण्याआधी तापमान मोजून प्रत्यारोपण विभागाला फोन करायचा.