पुदुच्चेरीच्या प्रवाशाला चार सूचना

वैजापूरच्या बाजूस दिवाळीपर्यंत पाऊस ओसरतो, शाळांना सुटी लागते आणि घरोघरीं प्रवासाचे बेत सुरू होतात. पुदुच्चेरी, म्हणजे पूर्वीची पाँडिचेरी, पाहूं इच्छिणाऱ्या कुटुंबाची पहिली चूक येथेंच होते. मराठवाड्याला भिजविणारा नैर्ऋत्येचा पाऊस त्या किनाऱ्यावर बेताचाच पडतो. तिकडचा खरा पावसाळा ऑक्टोबर ते डिसेंबर हा होय. ईशान्येचे वारे बंगालच्या उपसागरावरचें बाष्प घेऊन येतात, आणि वादळेंही याच दिवसांत होतात. तेव्हां दिवाळीची सुटी या प्रवासासाठीं योजूं नये. जानेवारी व फेब्रुवारी हे महिने उत्तम.

वैजापूरकरांनीं रोटेगाव स्थानकावरून सिकंदराबाद गांठावें, तेथून रेल्वेनें चेन्नईस जावें व पुढील सुमारें १५० किलोमीटर अंतर समुद्रकाठच्या रस्त्यानें कापावें. मुंबई-पुण्याकडील प्रवाशांसाठीं दादरहून थेट पुदुच्चेरीची गाडी आहे.

फ्रेंच भाषा येत नाहीं म्हणून कोणी बिचकण्याचें कारण नाहीं. १६७४ पासून फ्रान्स्वा मार्तँ यानें ही वसाहत वाढविली. पुढें ड्युप्ले येथें गव्हर्नर असतां त्याचा सेनानी बुसी १७५१ मध्यें सलाबतजंगाबरोबर थेट औरंगाबादेपर्यंत येऊन पोंचला होता. १ नोव्हेंबर १९५४ रोजीं शहराचा कारभार भारताकडे आला आणि १६ ऑगस्ट १९६२ रोजीं कायदेशीर हस्तांतर पुरें झालें. रस्त्यांच्या पाट्यांवर आजही फ्रेंच नांवें दिसतात. नांवाआधींच्या ‘र्‍यू’ या शब्दाचा अर्थ रस्ता, एवढें ठाऊक असलें कीं पुरे. बाजारांत तमिळ चालते, इंग्रजीनें निभावतें, हिंदीवर मात्र फार भिस्त ठेवूं नये. दुकानांत शिरतांना ‘वणक्कम्’ म्हणावें. समोरचा माणूस लगेच मोकळा होतो.

जुना भाग लहान आहे. तो पायींच पाहावा. एक कालवा त्याचे दोन भाग करतो. पूर्वेस समुद्राकडे फ्रेंचांची वस्ती, पश्चिमेस तमिळांची. फ्रेंच घरें उंच भिंतींआड लपलेलीं असतात. तमिळ घरांना मात्र रस्त्यालगत खांबांचे ओटे, येणाऱ्याजाणाऱ्यानें घटकाभर टेकावें असे. दोन समाजांच्या राहणींतील हा भेद एका फेरफटक्यांत ध्यानीं येतो. ड्युप्लेच्या काळचा राजवाडा शोधीत मात्र कोणी हिंडूं नये. १७६१ मध्यें इंग्रजांनीं शहर जिंकून जमीनदोस्त केलें. आजचें शहर १७६५ नंतर पुन्हा उभारलेलें आहे. संध्याकाळीं समुद्रकाठच्या रस्त्यावर वाहनांना बंदी असते, तेव्हां मुलें व वृद्ध निर्धास्त फिरूं शकतात. तेथें कांठाला दगडांचा बांध आहे. त्यावरून पाण्यांत उतरूं नये.

फ्रेंच वस्तींतच मनकुळ विनायगर हें गणपतीचें देऊळ आहे. तें फ्रेंच येण्यापूर्वींपासूनचें. जवळच श्रीअरविंदांचा आश्रम. बडोद्यास बरींच वर्षें काढलेले अरविंद १९१० मध्यें फ्रेंच हद्दींत आले व अखेरपर्यंत तेथेंच राहिले. त्यांच्या समाधीपाशीं मौन पाळतात, हें मुलांना आधींच सांगून ठेवावें. खासगी घरांच्या दारांत उभें राहून छायाचित्रें काढूं नयेत. तीं राहतीं घरें आहेत.

मुक्कामाचा एक दिवस जिंजीसाठीं अवश्य राखावा. हा किल्ला सुमारें ७० किलोमीटरवर आहे. १६७७ मध्यें शिवाजी महाराजांनीं तो घेतला, तेव्हां मार्तँनें त्यांच्याकडे आपला वकील पाठवून वखारीसाठीं अभय मिळविलें होतें. पुढें राजाराम महाराजांनीं येथूनच मोंगलांच्या दीर्घ वेढ्याला तोंड दिलें. २०२५ मध्यें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जागतिक वारशांत नोंद झाली. त्यांपैकीं महाराष्ट्राबाहेरचा किल्ला हा एकच. राजगिरीची चढण खडी आहे. ती सकाळींच चढावी, पाणी बरोबर घ्यावें आणि ऊन चढण्यापूर्वीं खालीं यावें.