झोपलेल्याचा श्वास कोण मोजतं?

प्राणहिता गोदावरीला मिळते तिथे सिरोंचा वसलं आहे. पलीकडच्या काठावर तेलंगण, आणि आपल्या जिल्ह्याचं ठिकाण गडचिरोली मात्र आलापल्लीचं जंगल ओलांडून सुमारे २०० किलोमीटरवर. इथल्या एखाद्या घोरणाऱ्या माणसाचा श्वास रात्री मध्येच थांबत असेल, तर मोठ्या शहरातला डॉक्टर त्याला ‘स्लीप स्टडी’ सांगेल. म्हणजे डोक्याला, छातीला, नाकाशी आणि बोटाला तारा लावून एक रात्र झोपायचं. तारांच्या त्या जंजाळात झोप लागली, तर तपासणी होणार!

म्हणूनच अंगाला काही न लावता घरच्या घरी श्वास टिपणाऱ्या यंत्रांचं आकर्षण वाटतं. बंगळुरूच्या ‘डोझी’ कंपनीची पट्टी गादीखाली ठेवतात. छातीच्या हालचालीने आणि हृदयाच्या ठोक्याने शरीराला बसणारे बारीक हिसके ती टिपते. गूगलने २०२१ मध्ये उशाशी ठेवायच्या ‘नेस्ट हब’मध्ये छोटं रडार बसवलं. ६० गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ५ मिलिमीटर असते. त्यामुळे छाती काही मिलिमीटर वरखाली झाली, तरी परतणाऱ्या लहरीत फरक पडतो आणि त्यावरून श्वासाची गती काढता येते.

पण छाती हलली म्हणजे हवा आत गेलीच असं नाही. घशाचे स्नायू सैल पडून वाट बंद झाली, तरी माणूस छातीने जोर लावतच राहतो. रडारला ती धडपड दिसते, नाकाशी थांबलेली हवा दिसत नाही. १० सेकंद किंवा अधिक काळ हवा थांबली, तर तो एक ‘अ‍ॅप्निया’ धरतात आणि तासाला असे प्रसंग किती, यावर आजाराची तीव्रता ठरते. हे नेमकं सांगायला नाकाशी संवेदक आणि रक्तातल्या ऑक्सिजनची नोंद लागते. शिवाय एका बाजेवर दोघं झोपली असतील, तर यंत्राने कुणाचा श्वास मोजायचा? घरचं यंत्र शंका दाखवतं, निदान करत नाही.

या विषयातलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं यंत्र मात्र याच जिल्ह्यात तयार झालं, आणि त्याला वीज लागत नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८० च्या दशकात गडचिरोली भागात बालमृत्यूंवर काम सुरू केलं. न्यूमोनिया हे त्यातलं एक मोठं कारण. गावात त्याला ‘डब्बा’ म्हणत. फुप्फुसं ताठर झाली की प्रत्येक श्वासात हवा कमी मावते, म्हणून मूल भराभर श्वास घेतं. ही गती मोजली तर स्टेथोस्कोप आणि क्ष-किरणांवाचूनही रोग ओळखता येतो. अडचण एवढीच, की गावातल्या अनेक सुइणींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं.

त्यावर उपाय निघाला तो वाळूच्या घड्याळाचा आणि मण्यांचा. घड्याळ एक मिनिटाचं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटच्या, लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया. अक्षर नाही, आकडा नाही. तेलुगू, गोंडी आणि मराठी एकाच बाजारात ऐकू येणाऱ्या सिरोंच्यासारख्या गावात याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. या श्वासमापकाचा शोधनिबंध १९९२ मध्ये आला.

पण मणी सरकवून मूल वाचत नाही. सुईण, आरोग्यसेवक यांच्या हाती प्रतिजैविकही दिलं गेलं होतं, खरी गोम तिथे आहे. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात अशा उपचार झालेल्या न्यूमोनियाच्या मुलांपैकी ०.८ टक्के दगावली, तर तुलनेसाठी निवडलेल्या भागात हे प्रमाण १३.५ टक्के होतं. मोजणारी बाई आणि औषध एकाच गावात होतं. महागडं यंत्र रात्री दोनला फोनवर धोक्याची घंटा वाजवेल. पण औषध कोसभर दूर आणि नाल्याला पूर असेल, तर त्या घंटेने आईच्या जिवाचं पाणी होण्यापलीकडे काय होणार?

पाळण्यातल्या धडधाकट बाळावर सतत पहारा ठेवणाऱ्या यंत्रांबाबतही सावध असावं. झोपेतला अचानक मृत्यू टाळण्यासाठी अशी घरगुती यंत्रं वापरू नयेत, असं अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. तान्ह्या बाळाचा श्वास तसाही एकसारखा नसतो. पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा सुरू होणं त्या वयात नेहमीचं आहे.

मोजायचंच असेल तर मूल शांत किंवा झोपलेलं असताना मोजा. रडताना, दूध पिताना नको. अंगावरचं झबलं वर करून छाती-पोटाकडे पूर्ण एक मिनिट पाहा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास ६० किंवा जास्त भरला, तर पुन्हा एकदा मोजा. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० आणि त्यानंतर पाच वर्षांपर्यंत ४० ही धोक्याची खूण. गती कमी असूनही छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, मूल कण्हत असेल, अंगावर पीत नसेल किंवा ओठ निळे पडले असतील, तर मोजत बसू नका. १०८ ला फोन करा आणि गावातल्या आशाताईंना लगेच उठवा.