बाई, मला गोरी करा ना!

गॅदरिंगच्या आधीची ही गोष्ट. वागळे इस्टेटमधल्या आमच्या शाळेत भिंतीवर लावायला मी मुलांचे फोटो काढत होते. शिकवणं ही माझी नोकरी, तर फोटो काढणं हा छंद! चौथीतली एक चुणचुणीत मुलगी स्वतःचा फोटो बघून हिरमुसली. हळूच म्हणाली, "बाई, मोबाइलमध्ये मला गोरी करा ना!"

खरं सांगू? माझं बोट त्या बटणापाशी गेलंसुद्धा. पण मग थांबले. म्हटलं, "उद्या बघू हं."

दुसऱ्या दिवशी मी बाबांचा जुना अ‍ॅग्फा क्लिक-थ्री कॅमेरा वर्गात नेला. एका रोलमध्ये फक्त १२ फोटो! रोल धुऊन येईपर्यंत कसा आलाय ते कळायचं नाही. "मग वाईट आला तर?" पोरांनी विचारलं. "तर तस्साच अल्बममध्ये!"

त्याच्याही आधी तर फारच खटपट असे. १८५३ मध्ये बोरीबंदरहून आपल्या ठाण्याला पहिली आगगाडी आली, हे तुम्हांला पाठच असेल. पुढच्याच वर्षी, १८५४ साली, 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' ही संस्था निघाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. डॉक्टरकी शिकलेले, पण कॅमेऱ्यातही तरबेज! तेव्हा काचेवर रसायन लावायचं आणि ते ओलं आहे तोवर फोटो काढून धुवायचाही.

१९७५ मध्ये अमेरिकेत कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने बिनरोलचा कॅमेरा बनवला. एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत! त्यात ठिपके होते फक्त दहा हजार. आज तुमच्या घरातल्या मोबाइलच्या फोटोत लाखो ठिपके असतात.

हे ठिपके म्हणजे काय? गणिताची चौकटींची वही डोळ्यांसमोर आणा. काळ्या-पांढऱ्या फोटोत प्रत्येक चौकटीत एक आकडा असतो. ० म्हणजे काळाकुट्ट, २५५ म्हणजे पांढराशुभ्र. 'उजळ करा' म्हटलं की आकडे वाढतात. पण २५५ च्या पुढे जागाच नाही! म्हणून जास्त उजळलं की पांढऱ्या शर्टाच्या चुण्या नाहीशा होतात. आणि चेहरा गुळगुळीत करणारं बटण काय करतं? साधारणपणे प्रत्येक आकडा शेजारच्या आकड्यांसारखा करून टाकतं. मग गालावरचा तीळ गायब, लहानपणी पडल्याची खूणही गायब!

आता त्या मुलीचा फोटो मी पुन्हा नीट पाहिला. ती खिडकीकडे पाठ करून उभी होती. मागे लख्ख ऊन. कॅमेऱ्याने ते ऊन मोजलं आणि प्रकाश कमी घेतला. साहजिकच चेहरा काळवंडला. म्हणजे चूक तिच्या रंगाची नव्हतीच मुळी, चूक माझी होती! मी तसं वर्गात सांगूनही टाकलं.

मग तिला खिडकीकडे तोंड करून उभं केलं. पडद्यावर तिच्या चेहऱ्यावर बोट टेकवलं आणि खटाक! रंग तोच सावळा, पण डोळे कसे चमकत होते! तिने फोटो बराच वेळ न्याहाळला. म्हणाली, "बाई, हा आईला दाखवू?"

तेव्हापासून आमच्या वर्गाचा एक नियम आहे. फोटो अंधारा आला तर उजळायचा, वाकडा आला तर सरळ करायचा, पण माणूस बदलायचा नाही. ज्याचा फोटो, त्याला विचारल्याशिवाय तो कुणाला पाठवायचाही नाही.

आणि पालकहो, मुलांचे फोटो पाठवण्याआधी आपणही ते 'गोरे' करत नाही ना? मुलं बघत असतात बरं!

या रविवारी आजीला खिडकीपाशी बसवा आणि तिचा एक छान फोटो काढा. त्याची प्रत छापून मागे नाव, गाव, तारीख लिहा. आजीच्या सुरकुत्या मात्र तशाच राहू द्या. कराल ना एवढं?