स्वतःला माणूस समजणारा देव

जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात जांब आहे. समर्थ रामदासांचं हे जन्मगाव. साल १६०८, तिथी रामनवमी. रामजन्माच्या दिवशी जन्मलेल्या या रामभक्ताचं रामायण उघडलं, तर त्यात रामजन्माचं कांडच नाही! समर्थांनी निवडली ती दोनच कांडं, सुंदर आणि युद्ध. हनुमानाने समुद्र ओलांडायचा आणि मग लंकेवर स्वारी.

देव एकच, कथा एकच. मग प्रत्येक कवीचा राम वेगळा कसा? याचं बीज वाल्मीकींच्याच कथेत आहे. देव, गंधर्व, यक्ष यांच्या हातून मरण येऊ नये, असा वर रावणाने मागून घेतला. माणसाला मात्र त्याने खिजगणतीतच धरलं नाही. म्हणजे रावणाला मारायचं, तर विष्णूला माणूसच व्हावं लागणार. वाल्मीकींचा राम इतका माणूस आहे, की युद्धानंतर देव त्याला त्याचं देवपण सांगू लागतात, तेव्हा तो म्हणतो, मी तर स्वतःला दशरथाचा मुलगा, एक माणूसच समजतो. अवताराला स्वतःच्या अवतारपणाचा पत्ता नाही!

आता गोदाकाठी पैठणला या. एकनाथांच्या ‘भावार्थ रामायणा’त सगळं उलटं होतं. इथे राम आनंदरूप परब्रह्म, लक्ष्मण आत्मप्रबोध, कौसल्या सद्विद्या, कैकेयी अविद्या. आख्खी अयोध्या माणसाच्या आत वसते आणि राम स्वतःला पुरता ओळखून असतो. युद्धकांड अर्ध्यावर असताना, १५९९ साली नाथांनी देह ठेवला आणि उरलेला ग्रंथ गावबा या शिष्याने पुरा केला. त्यानंतर नऊच वर्षांनी जांबला समर्थ जन्मले.

मराठी रामकथांत रावणाने देवांना नुसतं हरवलेलं नाही, घरकामाला जुंपलंय: वायू झाडलोट करतो, चंद्र छत्र धरतो. या बंदिवान देवांची सुटका हा समर्थांचा जिव्हाळ्याचा विषय. त्यांचा राम धनुष्य घेऊन उभा असलेला मुक्तिदाता आहे, म्हणून त्यांना युद्ध हवं आणि युद्धाची वाट उघडणारा मारुती हवा.

अठराव्या शतकात बारामतीच्या मोरोपंतांनी तर कमालच केली. त्यांच्या नावावर १०८ रामायणं सांगतात. त्यांतलं ‘निरोष्ठ रामायण’ ओठाला ओठ न लावता म्हणायचं. ‘म’ उच्चारायला ओठ मिटावे लागतात. तेव्हा या रामायणात ‘राम’ हे नावच येऊ शकत नाही!

वाल्मीकींनी रामाला विसर दिला, नाथांनी ज्ञान, समर्थांनी रणांगण. पंतांनी नावही काढून घेतलं, तरी राम उरलाच. पुढच्या रामनवमीला कीर्तनाला बसाल, तेव्हा एवढंच टिपा: बुवांचा राम स्वतःला देव म्हणून ओळखतो का? उत्तरावरून बुवा कोणाच्या वाटेने चाललेत, ते लगेच कळेल.